घरातली गळती शोधा आणि थांबवा: नळ, मीटर आणि गॅस

महिनाअखेरीला हात आखडता घ्यायची वेळ आली की पहिली कात्री लागते ती फळांवर, मुलांच्या खाऊवर, ठरलेल्या सहलीवर. म्हणजे ज्यातून घरच्यांना चार सुखाचे क्षण मिळतात, नेमकं त्यावर. आणि ज्यातून कुणालाच काही मिळत नाही तो खर्च महिनोन्‌महिने तसाच चालू राहतो. रात्रभर ठिबकणारा नळ, कुणी बघत नसताना चालू राहिलेला सेट-टॉप बॉक्स, कुकरच्या सैल रिंगमधून फुसफुसणारी वाफ, हे सगळं या खर्चात आलं. कात्री आधी इथे लागावी, असं मला मनापासून वाटतं. एका रविवारची सकाळ काढली तर यातलं बरंचसं स्वतःच्या हातानं करता येतं.

लागणारं सामान थोडं आहे: एक सरकता पान्हा, स्क्रू-ड्रायव्हर, टेफ्लॉन टेपचं एक रीळ, जुना टूथब्रश, घड्याळ आणि वही. वही मात्र हवीच. आकडा लिहून ठेवला नाही तर फरक पडला की नाही हे कळत नाही, आणि आठ दिवसांत उत्साह मावळतो.

पायरी १: आदल्या रात्री पाण्याचा हिशेब घ्या

तुमच्या घराला स्वतंत्र पाण्याचा मीटर असेल तर झोपण्यापूर्वी सगळे नळ बंद करून आकडा लिहून घ्या. सकाळी कुणीही पाणी वापरण्याआधी पुन्हा बघा. आकडा हलला असेल तर पाणी कुठेतरी जातंय. टाकी रात्री भरत असेल तर मात्र ही परीक्षा चालणार नाही, टाकी पूर्ण भरून घेऊन मग करा.

सोसायटीत बहुतेक ठिकाणी एकच सामाईक मीटर असतो. तिथे एकेका नळाखाली भांडं ठेवा. तासाभरात पाव लिटर जमलं तर दिवसाला ६ लिटर होतात आणि वर्षाला २,१९० लिटर. हे पाणी आधी गच्चीवरच्या टाकीत पंपानं चढवलेलं असतं, म्हणजे त्याच्यासोबत वीजही वाहून जाते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ते दिवस काढलेल्या माणसाला थेंबाचा हिशेब वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पायरी २: ठिबकणारा नळ दुरुस्त करा

चार-पाच फेरे फिरवून बंद होणारा जुन्या धाटणीचा नळ ठिबकत असेल तर दहातल्या नऊ वेळा दोष वायसरचा असतो. वायसर म्हणजे नळाच्या पोटातली रबराची छोटी चकती. तिची किंमत किरकोळ आहे, पण ती बदलायला प्लंबर बोलवायचा म्हणून लोक सहा-सहा महिने नळाखाली बादली ठेवून दिवस काढतात.

आधी पाणी बंद करा. बेसिनखाली भिंतीतून येणाऱ्या नळीवर अँगल कॉक असतो, तो घट्ट फिरवा. तो नसेल तर मेन कॉक बंद करा आणि घरच्यांना तसं सांगून ठेवा. मग नळ उघडा सोडून नळीतलं उरलेलं पाणी काढून टाका. आता बेसिनच्या भोकात एक फडकं कोंबा. हे विसरू नका, कारण नळाचा बारीक स्क्रू हमखास त्याच भोकात जातो.

मुठीवरची टोपी नखानं किंवा स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं उचकटा, खालचा स्क्रू काढा, मूठ वर ओढा. खाली षटकोनी पितळी भाग दिसेल. त्यावर कापड गुंडाळून पान्हा लावा, म्हणजे चकाकीला ओरखडे पडणार नाहीत. घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवलं की आख्खा स्पिंडल, म्हणजे मुठीनं फिरणारा आतला दांडा, बाहेर येतो. त्याच्या बुडाशी वायसर बसवलेला असतो. जुना झालेला वायसर हातात घेऊन बघा: मधोमध गोल खाच पडलेली असते, कड चिरलेली असते, रबर कडक झालेलं असतं. तोच घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जा आणि तसाच मागा. नुसतं ‘अर्ध्या इंची’ सांगून आणलेला वायसर कधी कधी जाडीत कमी-जास्त निघतो.

नवा बसवण्याआधी नळाच्या आत जिथे वायसर टेकतो त्या कडेवरून बोट फिरवा. ती गुळगुळीत लागली तर उत्तम. खडबडीत लागली, तर नवा वायसरही लवकर कापला जाणार. अशा वेळी नळ बदलणंच स्वस्त पडतं. सगळं उलट्या क्रमानं जोडा आणि अँगल कॉक हळूहळू उघडा. पुढे नळ बंद करताना जोर लावू नका. वायसर अकाली खराब होण्याचं मुख्य कारण आपला मनगटाचा जोर हेच आहे, मुलांनाही एकदा शिकवून ठेवा.

अर्ध्या फेऱ्यात किंवा त्याहून कमी फिरवून बंद होणाऱ्या नव्या नळांत वायसरऐवजी सिरॅमिकच्या चकत्यांचा काडतुसासारखा भाग असतो. तो आख्खा बदलावा लागतो आणि प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, म्हणून नमुना सोबत न्यायलाच हवा.

पाणी नळाच्या तोंडातून न येता भिंतीपाशी आट्यांतून झिरपत असेल तर नळ काढून आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा. आट्यांचं तोंड स्वतःकडे धरून घड्याळाच्या दिशेनं, टेप ताणून, दहा-बारा फेरे. उलटी गुंडाळली तर नळ बसवताना टेपच सुटून येते.

हात भिजलेलेच आहेत तर नळाच्या तोंडाची जाळी आणि शॉवरची चाळणीही उघडून घ्या. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यानं त्यांवर पांढरा थर बसतो. व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात तासभर बुडवून टूथब्रशनं घासलं की तो सुटतो.

पायरी ३: संडासाची फ्लश टाकी तपासा

ही गळती सगळ्यात लबाड, कारण ती आवाज करत नाही आणि जमीनही ओली होत नाही. टाकीत खाण्याच्या रंगाचे दोन-चार थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर आतला रबरी व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये. तो आधी धुऊन बघा, कारण अनेकदा नुसता क्षार किंवा शेवाळ अडकलेलं असतं. तरी गळत असेल तर बदला.

जुनी मोठी टाकी असेल आणि प्रत्येक वेळी दहा-बारा लिटर पाणी जात असेल तर एक लिटरची बाटली पाण्यानं भरून, बूच लावून आत उभी ठेवा, फ्लोटला, म्हणजे टाकीतल्या तरंगत्या गोळ्याला, लागणार नाही अशी. दर फ्लशला एक लिटर कमी जाईल. वीट ठेवू नका, ती विरघळून तिची माती व्हॉल्व्हमध्ये अडकते.

पायरी ४: विजेच्या मीटरवरचा लाल दिवा वाचायला शिका

घरातलं कुठलं उपकरण किती वीज खातं हे शोधायला वेगळं यंत्र विकत घ्यायची गरज नाही, ते काम तुमचा मीटरच करतो. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो आणि जवळच 3200 imp/kWh असं काहीसं छापलेलं असतं. म्हणजे तो दिवा ३,२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. आकडा १,६०० किंवा आणखी वेगळाही असू शकतो, तो आधी बघून घ्या.

आता घरातलं सगळं बंद करा, फ्रीजसुद्धा, आणि एकच पंखा पूर्ण वेगानं चालू ठेवा. मीटर इमारतीखाली असेल तर एक जण खाली, एक जण घरात आणि फोन चालू, असं करा. दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा. ३,२०० च्या मीटरसाठी १,१२५ ला त्या सेकंदांनी भागलं की वॅट मिळतात. १५ सेकंद लागले तर पंखा ७५ वॅटचा आहे. (१,६०० च्या मीटरला २,२५० घ्या.) पाच-सहा लुकलुकींची सरासरी काढली तर आकडा जास्त भरवशाचा येतो.

मग पंखाही बंद करा आणि टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, वायफाय राऊटर, मायक्रोवेव्ह यांना रिमोटनं नव्हे तर भिंतीवरच्या बटणानं एकेक करून चालू-बंद करत दिवा बघा. कोण झोपेतही वीज खातं ते समोर दिसतं. घरोघरी हे गुन्हेगार वेगवेगळे निघतात, म्हणून स्वतः मोजण्याला पर्याय नाही. फोनचा नुसता लावून ठेवलेला चार्जर मात्र इतकं कमी खातो की त्यावरून घरात वाद घालू नका. आणि सगळी बटणं बंद असूनही दिवा लुकलुकत राहिला तर हात न लावता परवानाधारक वायरमनला बोलवा. वायरिंगमध्ये गळती असेल तर प्रश्न पैशांपुरता राहत नाही, जिवावर बेतू शकतं.

पंख्यांचं गणित बघा. ७५ वॅटचा पंखा रोज १० तास चालला तर पाऊण युनिट जातं. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा पंखा ३० वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे ०.३० युनिट. महिन्याला साडेतेरा युनिटं वाचतात. आपल्याकडे घरगुती वीज टप्प्याटप्प्यानं महाग होते: पहिली १०० युनिटं एका दरानं, १०१ ते ३०० त्याहून चढ्या दरानं, पुढे आणखी. त्यामुळे वाचलेलं युनिट नेहमी तुमच्या सगळ्यात वरच्या टप्प्यातलं असतं. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, त्यावरून तुमचा टप्पा ठरवा. पण सगळे पंखे एकदम बदलू नका. ज्याच्याखाली रोज रात्री झोपता तो आधी बदला. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा पुढची दहा वर्षं राहिला तरी बिघडत नाही.

गिझरबाबत एकच नियम पाळा. १५ लिटरचा २,००० वॅटचा गिझर साधारण २० मिनिटांत पाणी कढत करतो, तेव्हा आंघोळीच्या तेवढाच वेळ आधी लावा आणि आंघोळी एकापाठोपाठ उरका. एसी २४ अंशांवर ठेवून पंखा सोबत चालवा.

सॉकेटमध्ये लावायची ‘पॉवर सेव्हर’ नावाची डबी कुणी विकायला आला तर सरळ परत पाठवा. घरगुती बिल युनिटांवर येतं आणि त्या डबीनं एकही युनिट कमी होत नाही.

पायरी ५: गॅस

नवा सिलिंडर लावला की कॅलेंडरवर खूण करा. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं. दोन्ही मिळून वजन भरतं का हे डिलिव्हरीवाल्याला काट्यावर दाखवायला सांगा, तो ग्राहकाचा हक्क आहे. वरच्या पट्टीवर ‘सी-२७’ सारखं काही असतं: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि पुढे वर्ष. ती सिलिंडरच्या पुढच्या तपासणीची मुदत असते. उलटून गेली असेल तर सिलिंडर घेऊ नका.

ज्योत निळी हवी. पिवळी होऊन भांड्यांची बुडं काळी होत असतील तर थंड बर्नर काढून टूथब्रशनं घासा, भोकं टाचणीनं मोकळी करा आणि पूर्ण वाळवून परत लावा. रेग्युलेटरपासून शेगडीपर्यंत नळीला साबणाचं पाणी लावून बघा, बुडबुडे आले तर गळती आहे. काडी ओढून कधीही बघू नका. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, विजेचं कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका आणि घराबाहेर येऊन १९०६ या गॅसगळतीच्या मदत क्रमांकाला फोन करा. रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची असते. बसवल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहून नळीलाच लावून ठेवा.

रोजच्या स्वयंपाकात सगळ्यात जास्त गॅस वाचवते ती भिजवण्याची सवय. तूरडाळ आणि तांदूळ अर्धा तास, छोले-राजमा रात्रभर. कुकरला पूर्ण वाफ धरली की आच बारीक करायची, मोठ्या आचेवर शिट्ट्या मोजत बसलं तर नुसती वाफ बाहेर जाते. कडेनं वाफ येत असेल तर रिंग बदला. वरण, भात आणि बटाटे डब्यांवर डबे ठेवून एकदम लावा. दूध आणि मळलेली कणीक फ्रीजमधून थोडी आधी काढून ठेवा.

पायरी ६: फ्रीज आणि पाण्याचा फिल्टर

फ्रीजच्या दारात वर्तमानपत्राची पट्टी अडकवून दार लावा आणि पट्टी ओढा. सहज निसटली तर तिथलं रबर सैल आहे. आधी कोमट साबणपाण्यानं पुसा, चिकट घाण गेली की अनेकदा दार नीट लागतं. ही परीक्षा दाराच्या चारही बाजूंनी करा.

आरओ फिल्टर असेल तर त्याच्या वाया जाणाऱ्या पाण्याची नळी बादलीत सोडा, ते पाणी फरशीला आणि संडासाला चालतं. कुंड्यांना रोज घालू नका, त्यात क्षार जास्त असतात. आणि आरओ घ्यायच्या आधी नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मोजून घ्या. भारतीय मानकानुसार प्रति लिटर ५०० मिलिग्रॅमपर्यंत पाणी योग्य धरतात. नगरपालिकेचं पाणी त्याच्या खाली असेल तर अतिनील किरणांनी जंतू मारणारा साधा यूव्ही फिल्टर पुरतो आणि पाणी वाया जात नाही.

सगळं झालं की उरलेले वायसर, टेप, कुकरची जादा रिंग आणि टाचणी एका डब्यात भरून तो स्वयंपाकघरातल्याच फळीवर ठेवा. माळ्यावर टाकलात तर नळ रात्री ठिबकायला लागल्यावर तो कुणी शोधणार नाही. वहीत पाण्याचा आकडा, विजेची युनिटं आणि सिलिंडरचे दिवस तीन महिने लिहा. एखाद्या महिन्यात आकडा एकदम उडाला, तर पुन्हा पायरी १ पासून सुरू करा.