पोलिसांबरोबर रेडला जाताय? आधी एवढं बघून घ्या

पीटाची (म्हणजे वेश्याव्यवसायाच्या अड्ड्यांविरुद्धच्या कायद्याखालची) रेड आहे, येताय का असा फोन आला की क्राईम रिपोर्टर असो नाहीतर संस्थेचे लोक, लगेच निघतात, पण निघायच्या आधी आपण कोण म्हणून चाललोय ते ठरवा आणि रेडचे जे साहेब असतील त्यांना तसं स्पष्ट सांगा. ऐनवेळी पंच कमी पडला की तुम्हीच सही करा असं म्हणतात, तेव्हा नाही म्हणा, पंच झालात की पुढे कोर्टात साक्षीला उभं राहावं लागतं आणि मग ना धड बातमी होते ना निरीक्षण.

आत जायचा अधिकार कायद्याने पोलिसांना दिलाय, आपल्याला नाही, त्यामुळे कुणाच्या राहत्या खोलीत त्यांच्या मागून शिरायचं नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तर १९९९ मध्येच सांगितलंय की वॉरंट असलं तरी पत्रकारांना घरात नेणं घटनेच्या विरोधात आहे.

कॅमेऱ्याचं आधीच ठरवून ठेवा, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. दार उघडलं की बायका ओढणीत तोंड लपवतात, भिंतीकडे वळतात आणि नेमका तोच शॉट चॅनेलवर दिवसभर फिरतो, हे मला अजिबात पटत नाही. १९ मे २०२२ ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की रेड असो, अटक असो वा सुटका, त्या बाईची ओळख मीडियाने उघड करायची नाही, मग ती पीडित असो की आरोपी. नुसतं ब्लर करून भागत नाही, बिल्डिंगचा बोर्ड, गल्ली, आवाज, अंगावरचा ड्रेस यावरून गावाकडचे लोक बरोबर ओळखतात. मूल असेल तर फोटो काढूच नका, त्याची ओळख उघड झाली तर बालन्याय कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे.

मग बघायचं काय, तर पोलिसांचं काम. दोन महिला पोलीस अधिकारी आहेत का, पंचांत एक तरी बाई आहे का, चौकशी महिला अधिकारीच करतेय का, झडतीचं व्हिडिओ शूटिंग चालू आहे का (१ जुलै २०२४ पासून ते बंधनकारक आहे), पैसे आणि मोबाईल समोर मोजून पंचनाम्यात लिहिले का, यादीची कॉपी घरातल्या माणसाला दिली का. वही पेन न्या आणि प्रत्येक गोष्टीची वेळ टाका, पोचलो किती वाजता, पंचनामा कधी सुरू झाला, गाडी कधी निघाली, नंतर आठवून लिहिलेलं कुणी धरत नाही. ओळखपत्र, पॉवरबँक, पाणी हे तर असतंच. लाईव्ह लोकेशन मात्र बंद ठेवा.

आणि दुसऱ्या दिवशी फॉलोअप घ्याच, कुठल्या मॅजिस्ट्रेटसमोर नेलं, कुठल्या सुधारगृहात पाठवलं, सज्ञान बाईला तिचं म्हणणं विचारलं का, तिचा मोबाईल परत मिळाला का, आणि तिचं मूल सध्या कुणाकडे आहे.