शिंजीर टिपताना या चुका टाळा

अंगणातल्या जास्वंदीवर काळपट रंगाचा इवलासा पक्षी पंख फडफडवत क्षणभर हवेत थांबला, की सोलापुरात ‘हमिंगबर्ड आला’ असे हमखास ऐकू येते. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आढळतात. आपल्याकडे येतो तो शिंजीर, म्हणजेच सूर्यपक्षी. ही चूक नुसत्या नावाची असती तर सोडून देता आली असती, परंतु तिचा परिणाम थेट छायाचित्रावर होतो. हमिंगबर्ड हवेत तरंगत मध पितो, तर शिंजीर शक्यतो देठावर किंवा शेजारच्या काडीवर बसूनच फुलात चोच घालतो आणि हवेत अगदी थोडा वेळ थांबतो. म्हणून कॅमेरा फुलासमोरच्या मोकळ्या जागेवर रोखण्याऐवजी, पक्षी कोणत्या काडीवर बसेल हे आधी हेरावे.

ओळखण्यातली दुसरी चूक म्हणजे एकाच जातीच्या पक्ष्याला तीन वेगवेगळ्या जाती मानणे. जांभळ्या शिंजिराचा नर विणीच्या हंगामात निळ्या-जांभळ्या झळाळीचा, लांबून काळाच वाटणारा असतो. हंगाम सरला की तोच मादीसारखा वर मातकट आणि खाली पिवळसर होतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टा उरतो. हा पट्टा दिसला, की तो नर आहे हे नक्की समजावे. जांभळ्या पाठीच्या शिंजिराच्या नराचे पोट मात्र पिवळेधमक असते. दोन्ही जातींच्या माद्यांत गोंधळ होत असेल तर गळा पाहावा: जांभळ्या शिंजिराच्या मादीचा गळा पोटासारखाच पिवळसर असतो, तर दुसरीचा फिकट, राखी-पांढरा असतो.

आता सर्वांत महागात पडणाऱ्या चुकीकडे येतो. ती म्हणजे पक्ष्याच्या मागे धावणे. जेमतेम १० सेंटिमीटर लांबीचा हा पक्षी एका फांदीवर काही सेकंदच टिकतो आणि आपण चार पावले टाकेपर्यंत कुंपणापलीकडे गेलेला असतो. मात्र जिथे मध आहे तिथे तो पुन्हा पुन्हा येतो, आणि आपल्या फुलांवर दुसरा नर आला तर त्याला हुसकावूनही लावतो. म्हणून पक्षी नव्हे, फूल शोधावे. पानगळ झालेला पळस आणि पांगारा फुलले, की फाल्गुनाच्या आसपास शिंजीर तिथे हमखास भेटतात. आंब्यावर वाढलेले बांडगूळ फळबागवाल्याला नकोसे असले, तरी त्याच्या नळीसारख्या फुलांवर शिंजीर तुटून पडतात. माझी स्वतःची पसंती मात्र माळावरच्या नेपतीला आहे. जवळजवळ पाने नसलेल्या या काटेरी झुडपाला उन्हाळ्याच्या तोंडाशी तांबडी फुले येतात आणि मध्ये पानांचा अडसर नसल्याने चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत सारा पक्षी मोकळा दिसतो. अशा झुडपापासून आठ-दहा पावलांवर, सूर्य पाठीशी घेऊन, अर्धा तास न हलता बसावे. नर मध पिऊन वर आला की कपाळावर पिवळ्या परागांचा ठिपका लागलेला दिसतो. तो ठिपका टिपता आला तर त्या सकाळचे चीज झाले असे मी मानतो.

‘फोटोत पक्षी नुसता काळा येतो’ ही तक्रार फार जणांची असते. नराच्या पिसांची झळाळी रंगद्रव्याची नसून पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परावर्तित होण्याची असते, त्यामुळे ऊन समोरून किंवा डोक्यावरून असेल तर ती दिसतच नाही. त्यात मागे उजळ आकाश असेल तर कॅमेरा सारे चित्र अंधारवतो. अशा वेळी एक्सपोजर, म्हणजे चित्रात येणारा उजेड, एक पायरी (स्टॉप) वाढवावे. उलट मागे गर्द सावली असेल तर कॅमेरा उजेड वाढवतो आणि झळाळी पांढरी पडते, तेव्हा ते थोडे कमी करावे. बसलेल्या पक्ष्यासाठी शटर १/१००० सेकंद पुरते. फडफडते पंख स्पष्ट हवे असतील तर १/२००० किंवा त्याहून वेगवान ठेवावे आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, वाढला तरी चालवून घ्यावे. फोकसचा बिंदू एकच निवडून तो डोळ्यावर ठेवावा, नाहीतर कॅमेरा पुढची पाकळी पकडतो.

सोलापूरच्या उन्हाळ्यात आणखी एक अडचण येते. नऊ-साडेनऊनंतर तापलेल्या जमिनीवरून हवा लहरू लागते आणि उत्तम लेन्सनेही लांबचे चित्र मऊ येते. हा दोष लेन्सचा समजून अनेक जण दुरुस्तीवर पैसे घालवतात, परंतु त्यावर पहाटे लवकर निघणे आणि अंतर कमी ठेवणे हाच उपाय आहे.

बागेत पक्षी यावेत म्हणून मध, गूळ किंवा रंगीत पाणी ठेवू नये. साधे साखरपाणीसुद्धा आपल्याकडच्या उन्हात एका दिवसात आंबते. त्यापेक्षा कर्दळ, जास्वंद आणि हमेलिया लावावेत. तेवढ्यावर शिंजीर येतात. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दिसला, की घाईने विषारी फवारणी होते. ती टाळावी, कारण शिंजीर पिल्लांना मुख्यतः किडे आणि कोळी भरवतात. डाळिंबाच्या बागेत फुलांवर पक्षी टिपायला जाताना फवारणी कधी झाली हे मालकाला विचारूनच आत शिरावे.

घरट्याच्या बाबतीत मात्र मला कठोरपणे लिहावे लागते. कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी विणलेली, सालीचे तुकडे आणि अळ्यांच्या लेंड्या चिकटवलेली ही लोंबती पिशवी पुष्कळदा व्हरांड्यातल्या तारेवर किंवा वेलीवरच असते. काही वर्षांपूर्वी समोर आलेली एक डहाळी चित्रासाठी मी बाजूला बांधली होती. दुसऱ्याच दिवशी कावळ्याने ते घरटे उपसले. ती डहाळी हेच त्या घरट्याचे छत्र होते, हे मला तेव्हा कळले. पुढचे दोन दिवस मादी चोचीत कापसाचा तंतू घेऊन रिकाम्या तारेवर येऊन बसत होती. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना त्रास देणे शिकारीच्या व्याख्येत मोडते. मादी सुमारे दोन आठवडे अंडी उबवते; त्या काळात फ्लॅश, मोबाइलवरून वाजवलेले आवाज आणि जवळून टेहळणी पूर्ण बंद ठेवावी. आपण उभे असताना ती चोचीत भक्ष्य घेऊन तारेवरच थांबत असेल आणि घरट्यात शिरत नसेल, तर आपण फार जवळ आहोत असे समजून लगेच मागे सरावे.