आईबाबांना मॉन्टिसेलो दाखवायचंय? मग पार्किंगपासून सुरू करा

आईबाबा अमेरिकेत आले की वॉशिंग्टन बघून होतं आणि मग कुणीतरी म्हणतं चला मॉन्टिसेलो, म्हणजे अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसनचं घर बघू, शार्लट्सव्हिलला, गाडीने अडीचेक तास. जरूर जा, फक्त थेट घुमटाकडे पळू नका.

गाडी लावली की शटलच्या लाइनीत लगेच उभं राहायचं नाही. पार्किंगलगतच झाडीत गुलामांची दफनभूमी आहे, चाळीसेक कबरी, बहुतेकांवर नावच नाही, त्यामुळे लोक शेजारून निघून जातात. पाच मिनिटं थांबा तिथे.

वर गेल्यावर घराआधी मलबेरी रो, म्हणजे गुलामांच्या झोपड्या आणि कामाच्या शेडची रांग असलेली गल्ली. गुलामगिरीवरची टूर असते तिथे, ती चुकवू नका. 1776 मध्ये स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात 'सगळी माणसं समान' लिहिणाऱ्या जेफरसनच्या मालकीची आयुष्यभरात 600 च्या वर माणसं होती. 1794 पासून इथे खिळ्यांचा कारखाना होता, त्यात दहा ते सोळा वर्षांची पोरं दिवसभर घण मारायची. (आपल्याकडे दहावीच्या पोराला ताट उचलायला सांगितलं तरी तोंड वाकडं होतं, असो.)

मग घर. डायनिंग रूममध्ये शेकोटीच्या बाजूची छोटी दारं नीट बघा, त्यातून तळघरातली वाइनची बाटली दोरीने वर यायची, आणि फिरत्या दाराच्या फळ्यांवर पदार्थ ठेवले की दार फिरवून आत, म्हणजे पाहुण्यांना वाढणारी माणसं कमीत कमी दिसावीत. गाइड हे 'किती हुशार' म्हणून सांगतो, तुम्ही नंतर खालच्या बोळातून चालत जा, म्हणजे ती बाटली ठेवणारा कुठे उभा असायचा ते कळतं.

त्याच खालच्या बाजूला सॅली हेमिंग्ज, म्हणजे जेफरसनपासून मुलं झालेल्या गुलाम बाईवरची खोली आहे, 2018 ला उघडली, आणि स्वयंपाकघरही. तिथे ईडिथ फॉसेट मुख्य स्वयंपाकीण होती, नवरा जोसेफ लोहार, दोघंही गुलाम. जेफरसन 4 जुलै 1826 ला गेला, डोक्यावर लाखावर डॉलरचं कर्ज. मृत्युपत्रात जोसेफला मुक्त केलं पण बायकोपोरांना नाही, आणि जानेवारी 1827 च्या लिलावात ती विकली गेली, त्यात त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा पीटरपण. जोसेफने नंतर बायकोला आणि काही मुलांना पैसे मोजून सोडवलं.

एवढं बघायला अर्धा दिवस धराच, आणि उतरताना शटलच घ्या, बाबांचे गुडघे उतारालाच जास्त बोलतात.