दारात सोशल वर्कर आली तर आधी कलम विचारा

पोरंबाळं घेऊन इंग्लंडला आलेल्या मराठी माणसाच्या कानावर पहिल्या महिन्याभरातच एक गोष्ट पडते. "इथं पोरावर हात उचललास तर सरकार पोर उचलून नेतं." सांगणारा आपल्यापेक्षा दोन-तीन वर्षं आधी आलेला असतो, आणि त्यालाही ती कुणीतरी अशीच सांगितलेली असते. मी इथल्या एका कौन्सिलच्या, म्हणजे आपल्या महापालिकेसारख्या स्थानिक सरकारच्या, मुलं-कुटुंबं विभागात बरीच वर्षं नोकरी करते. या भीतीपायी आपली माणसं काय करतात ते रोज बघते. काही जण दारच उघडत नाहीत. काही जण इतके घाबरतात की पुढ्यात येईल त्या कागदावर सही करून मोकळे होतात. दोन्हींत नुकसान आपलंच. पुढचं सगळं इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे.

इथला मूळ कायदा म्हणजे चिल्ड्रन ॲक्ट १९८९. त्यातली दोन कलमं पाठ करून ठेवा, १७ आणि ४७. कलम १७ मदतीचं आहे. मुलाच्या वाढीत काही अडचण आहे, घरात कुणी आजारी आहे, पैशांची चणचण आहे, मूल दिव्यांग आहे, अशा वेळी कौन्सिलनं हातभार लावायचा. तो तुमच्या संमतीनं मिळतो आणि नको असेल तर नाही म्हणता येतं. हल्ली बऱ्याच ठिकाणी या टीमला 'फॅमिली हेल्प' म्हणतात. कलम ४७ चौकशीचं आहे. मुलाला गंभीर इजा होतेय किंवा होण्याचा संभव आहे असं वाटण्यासारखं कारण समोर आलं की चौकशी करणं हे कौन्सिलचं कर्तव्यच असतं. तिथं तुमच्या संमतीवाचून काम अडत नाही.

म्हणून दारात सोशल वर्कर, म्हणजे मुलांचं बरंवाईट बघायला कौन्सिलनं पाठवलेली बाई, आली की आधी ओळखपत्र बघा आणि सरळ विचारा, "तुम्ही कलम १७ खाली आलात की ४७ खाली?" यात कसलाही उद्धटपणा नाही. आम्हाला असं विचारलं की उलट बरं वाटतं, कारण मग बोलणं मुद्द्यावर राहतं. सोशल वर्कर हे नाव नोंदणीशिवाय कुणालाच लावता येत नाही. 'सोशल वर्क इंग्लंड'ची यादी इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली आहे, त्यात नाव तपासा.

आता 'उचलून नेतात' याबद्दल. सोशल वर्करला स्वतःच्या अधिकारात मूल घेऊन जाता येत नाही. त्यासाठी कोर्टाचा हुकूम लागतो. अगदी तातडीच्या वेळी मिळणारा हुकूम जास्तीत जास्त ८ दिवसांचा असतो आणि तो एकदाच, आणखी जास्तीत जास्त ७ दिवस, वाढवता येतो. पोलिसांना मात्र कोर्टाशिवाय मूल ७२ तासांपर्यंत संरक्षणात ठेवता येतं. तिसरा मार्ग म्हणजे आईबापांनी आपणहून मूल कौन्सिलकडे राहायला देणं, म्हणजे कलम २०. हा कागद पुढ्यात आला तर वकिलाशी बोलल्याशिवाय सही करू नका. सही केलीच असेल तरी ती संमती मागे घेता येते.

प्रकरण सुरू कसं होतं ते सांगते. दुसरीतलं पोर सोमवारी सकाळी टीचरला सांगतं, "काल आईनं लाटण्यानं मारलं." टीचर ते गुपित ठेवू शकत नाही. पोराचे शब्द जसेच्या तसे लिहून ती शाळेतल्या सेफगार्डिंगच्या, म्हणजे मुलांच्या सुरक्षेच्या, प्रमुखाकडे देते, तिथून ते कौन्सिलकडे येतं. पुढे काय करायचं हे कौन्सिलनं कामाच्या एका दिवसात ठरवायचं असतं. पुष्कळदा एका फोनवर विषय मिटतो. कधी आम्ही घरी येतो. घरी आल्यावर बाप सांगतो, "आमच्याकडे कुणी कधी बोटसुद्धा लावत नाही." आई मान खाली घालून बसते. आणि पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेली आजी चहाचा ट्रे ठेवता ठेवता म्हणते, "अहो, एखादा धपाटा घातल्याशिवाय पोरं ऐकतात का?"

आजी खरं बोलली म्हणून कुणी तिला काही करत नाही. बापाच्या आणि पोराच्या सांगण्यात फरक पडला हे मात्र लिहिलं जातं. एका धपाट्यापेक्षा ते खोटं फायलीत जास्त दिवस टिकतं. "हो, परवा माझा तोल गेला, पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करता येईल?" असं सांगणारी आई आमच्या लेखी मदत घ्यायला तयार असलेली आई असते. पोराला आधी पढवून ठेवू नका. आम्ही त्याच्याशी एकट्याशी बोलतो आणि पाठ केलेलं उत्तर लगेच कळतं.

मारण्याचा कायदाही माहीत असू द्या. स्कॉटलंडनं २०२० मध्ये आणि वेल्सनं २०२२ मध्ये मुलांना मारणं पूर्ण बंद केलं. इंग्लंडमध्ये 'वाजवी शिक्षा' असा बचाव अजून कायद्यात आहे. पण वळ उठला, निळंकाळं झालं, की तो बचाव संपतो. चप्पल, पट्टी, लाटणं हातात घेतलंत तर त्याच्या भरवशावर राहूच नका. एवढ्या बारीक फटीवर संसार टेकवण्यापेक्षा हात आवरलेला बरा, असं माझं मत.

दुभाषा मागायला लाजू नका. तो कौन्सिलच्या खर्चानं मिळतो. मराठीच मागा. "हिंदी चालेल ना?" असं विचारलं की आपण सवयीनं "चालेल" म्हणून जातो आणि मग नेमक्या वेळी शब्द सापडत नाहीत. तुमच्या पोराला किंवा नवऱ्याला दुभाषा करायला कुणी सांगितलं तर नकार द्या. आपला समाज लहान आहे, दुभाषी बाई गणपतीच्या आरतीला भेटणारी निघू शकते. तसं वाटत असेल तर फोनवरून बोलणारा, दुसऱ्या गावातला दुभाषा मागा.

बाळ इथं होणार असेल तर हेल्थ व्हिजिटर हे पद आत्ताच समजून घ्या. ती सोशल वर्कर नाही, नर्स किंवा मिडवाइफ म्हणून शिकून पुढचं प्रशिक्षण घेतलेली बाई असते. पोटुशी असताना २८ आठवड्यांनंतर, बाळ १० ते १४ दिवसांचं झाल्यावर, मग ६ ते ८ आठवड्यांनी, वर्षाच्या सुमारास आणि दोन-अडीच वर्षांनी अशा तिच्या ठरलेल्या भेटी असतात. तिला टाळू नका. बाळंतपणानंतर रडू येतंय, झोप नाही, माहेरचं कुणी नाही, हे सगळं तिच्यापाशी बोलता येतं आणि बोलल्यानं मूल जात नाही.

तिच्याकडून एक काम मात्र आठवणीनं करून घ्या. आपल्या पुष्कळ बाळांच्या कमरेवर, ढुंगणावर जन्मतःच निळसर करडे डाग असतात. आपल्याकडे त्याचं कुणाला काही वाटत नाही. इथं पाळणाघरातली एखादी नवखी मुलगी लंगोट बदलताना ते बघते, तिला तो मुका मार वाटतो आणि फोन फिरतो. बाळाला मिळणाऱ्या लाल वहीत, रेड बुकात, ते डाग कुठे आणि केवढे आहेत हे मिडवाइफकडून किंवा हेल्थ व्हिजिटरकडून लिहून घ्या. दोन ओळींचं काम आहे, पण त्यानं तपासणीपायी हॉस्पिटलात जाणारी एक अख्खी रात्र वाचू शकते.

मालिशीला कुणाची हरकत नसते. मध मात्र वर्षाच्या आत बोटभरही नाही, बाळगुटीत मिसळून तर नाहीच, कारण त्यातून बोट्युलिझम ही जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते. काजळात शिसं सापडतं म्हणून तेही नको. सासूबाईंना हे तुम्ही सांगण्यापेक्षा हेल्थ व्हिजिटरच्या तोंडून सांगवा, घरातली शांतता राहते. बाळ कुशीत झोपतं हेही लपवू नका. ती ओरडत नाही, गादी-उशी-पांघरुणाचं काय करायचं ते दाखवते.

फार थोड्यांना ठाऊक असलेला एक नियम आहे. सोळा वर्षांखालचं मूल जवळच्या नातेवाइकाखेरीज दुसऱ्या कुणाकडे २८ दिवस किंवा जास्त राहणार असेल, तर कौन्सिलला आधी कळवावं लागतं. मूल दिव्यांग असेल तर ही मर्यादा अठराची. जवळचं नातं म्हणजे आजीआजोबा, भाऊबहीण, काका, मामा, आत्या, मावशी आणि सावत्र आईबाप. चुलतभावाचा मुलगा आपल्या लेखी सख्ख्या पुतण्यासारखा. या कायद्याच्या लेखी तो परका. आईबाप दोघं भारतात आणि पोर शाळेसाठी तुमच्याकडे, असा बेत असेल तर कौन्सिलला फोन करा. सोशल वर्कर येईल, खोली बघेल, पोराशी बोलेल, आणि ठरावीक काळानं येत राहील. हा जाच नाही. आयव्हरी कोस्टहून आलेली व्हिक्टोरिया क्लिंबिए ही आठ वर्षांची मुलगी २००० साली लंडनमध्ये छळ होऊन वारली. तिला तिच्या बापाच्या नात्यातल्या एका बाईकडे, म्हणजे या कायद्याच्या लेखी परक्या घरात, सोपवलेलं होतं. लॉर्ड लेमिंग यांच्या २००३ च्या अहवालानं तेव्हाच्या यंत्रणेची लक्तरं काढली. अशा परक्या घरातल्या पोरांवर आज एवढं लक्ष असतं, त्यामागे तो इतिहास आहे.

घरी एकटं ठेवण्याचं वय कायद्यात लिहिलेलं नाही. धोका झाला तर गुन्हा, एवढंच आहे. बाराच्या आतलं मूल फार वेळ एकटं ठेवू नये असा मुलांच्या संरक्षणासाठी काम करणाऱ्या एनएसपीसीसी या संस्थेचा सल्ला आहे, तोच आम्हीही धरतो. आणि शाळा चालू असताना लग्नासाठी पंधरा दिवस गावी जाणार असाल तर मुख्याध्यापकांची परवानगी आधी घ्या. विनापरवानगी पाच दिवस बुडाले की दंड होऊ शकतो, दर पालकामागे आणि दर मुलामागे ८० पाउंड, २१ दिवसांत न भरल्यास १६०. न सांगता गेलात तर त्याहून वाईट, मूल बेपत्ता समजून शोध सुरू होतो.

मूल बोलत नाही, नजर देत नाही, हे आपल्याकडे सगळ्यात जास्त झाकलं जातं. "त्याचा बापही उशिरा बोलला" यात दोन-तीन वर्षं जातात. जीपीला म्हणजे फॅमिली डॉक्टरला, हेल्थ व्हिजिटरला, शाळेत खास गरजांच्या मुलांचं बघणाऱ्या टीचरला, म्हणजे सेन्कोला, सांगा. शाळेत खास मदत हवी असेल तर ईएचसी प्लॅनसाठी, म्हणजे मुलाला शिक्षण, आरोग्य आणि देखभालीची कोणती मदत मिळेल हे लिहिलेल्या आराखड्यासाठी, कौन्सिलकडे आईबाप स्वतः अर्ज करू शकतात, शाळेची वाट बघावी लागत नाही. अर्ज केल्यापासून अंतिम प्लॅन हातात येईपर्यंत कायद्यानं २० आठवडे. प्रत्यक्षात उशीर होतो, म्हणूनच लवकर टाका आणि दर पत्राची तारीख लिहून ठेवा. दिव्यांग मूल कलम १७ खाली आपोआप बसतं, तेव्हा आईबापांना थोडी उसंत मिळावी म्हणून असलेल्या सोयींबद्दलही विचारा.

पैशांचं म्हणाल, तर व्हिसावर 'सार्वजनिक निधी नाही' असा शिक्का असला की युनिव्हर्सल क्रेडिट, चाइल्ड बेनिफिट असे सरकारी भत्ते मिळत नाहीत. पण शाळा मिळते, पहिली तीन वर्षं शाळेतलं जेवण फुकट असतं, आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला आठवड्याला १५ तास पाळणाघर किंवा नर्सरी मिळते. कलम १७ ची मदतही त्या निधीत मोजली जात नाही. नोकरी गेली आणि पोरांना खायला घालायची पंचाईत आली, तर कौन्सिलकडे जाता येतं. ते व्हिसाचे कागद आणि बँकेचे तपशील मागतील, ते न्या.

घरात मारहाण होत असेल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. २०२१ च्या कायद्यानुसार आईला मार खाताना बघणारं, ऐकणारं मूलही पीडितच आहे. पोलीस घरी आले आणि घरात मुलं असली की शाळेला आणि आम्हाला कळतं. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला "माझ्याविरुद्ध गेलीस तर परत पाठवतील आणि पोरं इथं राहतील" अशी धमकी हमखास दिली जाते. जोडीदार कामगार किंवा विद्यार्थी व्हिसावर असला तरी २०२४ पासून अशा बाईला तीन महिन्यांची वेगळी परवानगी मागता येते आणि त्या काळात सरकारी मदत घेता येते. ती घेतल्यानं हातातला व्हिसा जातो, म्हणून अर्जाआधी इमिग्रेशनच्या वकिलाचा सल्ला घ्या. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही संस्था १९७९ पासून आशियाई आणि कृष्णवर्णीय बायकांसाठी हे काम करते. राष्ट्रीय हेल्पलाइन ०८०८ २००० २४७, चोवीस तास आणि मोफत.

चौकशीत काही आढळलं तर पंधरा कामाच्या दिवसांत चाइल्ड प्रोटेक्शन कॉन्फरन्स होते. शाळा, डॉक्टर, पोलीस, सोशल वर्कर आणि तुम्ही एका टेबलाशी. अहवाल आधी मिळायला हवा, तो मराठीत समजावून मागा, चूक असेल तिथे खूण करून न्या. फॅमिली ग्रुप कॉन्फरन्स विचारली तर जरूर हो म्हणा. न्यूझीलंडच्या माओरी लोकांकडून आलेली ही पद्धत म्हणजे जवळपास आपल्या भावकीची बैठक. आधी माणसं जमतात, मग सरकारी माणसं बाहेर जातात आणि मुलाचं कसं करायचं ते घरचेच ठरवतात. साताऱ्याचा मामा व्हिडिओवर बसू शकतो. गोष्ट कोर्टात गेलीच तर आईबापांना सरकारी खर्चानं वकील मिळतो, मिळकत कितीही असो. मुलाची बाजू मांडायला कोर्ट एक स्वतंत्र माणूस नेमतं, त्याला गार्डियन म्हणतात, आणि निकाल २६ आठवड्यांत लागावा अशी मर्यादा आहे.

आमच्यातही आळशी, कामानं पिचलेली, आपल्या रीतीभाती न समजणारी माणसं आहेत. सोशल वर्कर दर दोन महिन्यांनी बदलते ही तक्रार खरीच असते. तेव्हा तोंडी भांडू नका, ईमेल करा. प्रत्येक भेटीनंतर काय ठरलं ते दोन ओळींत लिहून तिला पाठवा. तक्रार आधी कौन्सिलकडे, तिथं समाधान झालं नाही तर लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ऑम्बड्समनकडे, म्हणजे कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी बघणाऱ्या लोकपालाकडे. त्याला फी नाही, वकील लागत नाही आणि तक्रार केली म्हणून केस कडक करता येत नाही. स्वतंत्र सल्ला हवा असेल तर आईबापांना सल्ला देणाऱ्या फॅमिली राइट्स ग्रुप या संस्थेला फोन करा, फोनवर मराठी दुभाषा मिळेल का तेही विचारा.