भाषाबदलाचं गणित मांडताय? या चुका टाळा

मुंबईच्या जुन्या मराठी वर्तमानपत्रांचे स्कॅन घेऊन शब्द मोजायला बसलात, तर साठच्या दशकानंतर आलेख एकदम वळलेला दिसेल. ‘कांहीं’, ‘नांव’ घसरतात. ‘काही’, ‘नाव’ चढतात. भाषा बदलताना सापडली, असं वाटून हरखून जाऊ नका. १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. माणसं आधीही ‘नाव’च म्हणत होती. म्हणून मोजणीआधी जुनी-नवी रूपं एक करा, पण सरसकट टिंबं पुसू नका. एकवचनी ‘घरांत’चं आता ‘घरात’ झालं, तरी ‘सगळ्या घरांत’ मधला अनुस्वार आजही हवाच. शिवाय स्कॅनमधली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर अशी टिंबं गाळतं. दर दशकाची चार पानं स्वतः वाचून पडताळा. या चुकीवर मी मुद्दाम रेंगाळतोय, कारण ती तयार प्रोग्रॅमला कळत नाही, मराठी वाचणाऱ्यालाच कळते.

दुसरी चूक घाईची. ‘मी म्हणालो’च्या जागी ‘मी बोललो’ मुंबईत सर्रास ऐकू येतं. गिरगावात २० वाक्यं टिपली, त्यांत १२ वेळा ‘बोललो’ आलं, तर एवढा फरक नाणं उडवूनही पडतो. आणि नवं रूप पसरतं ते बहुधा लॉजिस्टिक, म्हणजे आडव्या S सारख्या वक्रानं: आधी सावकाश, मग झपाट्यानं, शेवटी पुन्हा सावकाश. या वक्रात १ टक्क्यावरून १० वर यायला जितका काळ लागतो, जवळपास तितक्याच काळात पुढे १० वरून ५० गाठले जातात. सुरुवातीच्या दोन-तीन बिंदूंवरून पुढचं भाकीत करू नका.

तिसरी चूक, एकच वेग गृहीत धरणं. ‘पाणी’, ‘हात’ अशा १०० मूलभूत शब्दांपैकी हजार वर्षांनी सुमारे ८६ टिकतात, असं भाषाशास्त्रज्ञ मॉरिस स्वदेश यांचं गणित होतं. बर्गस्लँड आणि फोग्ट या भाषाशास्त्रज्ञांनी १९६२ मध्येच दाखवलं, की आइसलँडिक त्याहून कितीतरी सावकाश बदलली. शब्दागणिक आणि भाषाकुळाच्या शाखेगणिक वेगळा वेग चालेल असंच मॉडेल घ्या.

भाषांची तुलना करायला अशा मूलभूत शब्दांची यादी भरतानाही जपा. ‘रस्ता’ फारसीतून आला, ‘वाट’ घरची. ‘वृक्ष’ कन्नडमध्येही आहे, पण दोन्हीकडे तो संस्कृतातून उचललेला. तो धरलात तर द्राविडी कन्नड मराठीची सख्खी बहीण ठरेल. मराठीच्या रकान्यात ‘झाड’ लिहा आणि ‘वृक्ष’पुढे ‘उसना’ अशी खूण करा.