नॅशव्हिलला कंट्री सिंगर व्हायला निघालात? आधी वही-पेन घ्या

गिटार येते, आवाज बरा आहे, इन्स्टावर लाईक्स पण पडतात, म्हणून कंट्रीत (अमेरिकेतल्या गावाकडच्या गाण्यांचा प्रकार) करिअर करायला त्या संगीताच्या राजधानीत, नॅशव्हिलला, जायचंय, तर पहिलं हे ऐका की नुसतं गाऊन तिकडे पोट भरणं अवघड आहे, गाणं स्वतःचं पाहिजे. अमेरिकेत एफएमवर गाणं वाजलं की पैसे मिळतात लिहिणाऱ्याला आणि पब्लिशरला, म्हणजे गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीला, गाणाऱ्याला छदाम नाही (कायदाच तसा आहे, काय करणार).

व्हिसाचं आधी बघा, टुरिस्ट व्हिसावर टिप घेऊन वाजवलेलं पण चालत नाही.

सुरुवात बहुतेकांची नॅशव्हिलच्या लोअर ब्रॉडवे या रस्त्यावरच्या बारमध्ये होते. दिवसभर एकामागून एक बँड, चार-चार तासांची पाळी, आणि मुख्य कमाई टिपची, बँडमधलाच कोणीतरी बादली घेऊन टेबलांमधून फिरतो. फर्माइशी जुन्याच गाण्यांच्या येतात, त्यामुळे हात साफ होतो पण नाव होत नाही. तिथेच वर्षानुवर्षं अडकू नका.

तिथे उभं राहायचं तर नंबर सिस्टिम पाठ पाहिजे. कॉर्डची नावं कोणी घेत नाही, कागदावर नुसतं १ ४ ५ १ लिहिलेलं असतं, पट्टी जी असेल तर जी-सी-डी-जी, गायिका म्हणाली आज ए मध्ये, तर तोच कागद ए-डी-ई-ए होतो. आपल्याकडे सा कुठलाही धरून सरगम म्हणतात तसंच, पेटी शिकलेल्यांना दोन दिवसात जमेल.

मग ब्लूबर्ड कॅफे. १९८२ पासून चालू आहे, दुकानांच्या रांगेतली छोटीशी जागा, पण गार्थ ब्रुक्स आणि टेलर स्विफ्ट दोघंही कंपनीवाल्यांच्या नजरेत भरले ते इथेच. सोमवारी ओपन माइक असतो, म्हणजे नवख्यांनाही गायला मिळतं. गाताना मागे कोणी बडबडलं तर गप्प करतात, त्यामुळे शब्द कच्चे असतील तर लगेच उघडे पडतात. इथे लोकांशी ओळखी काढा आणि को-राइट मागा, म्हणजे दोघा-तिघांनी सकाळी बसून एक गाणं संपवायचं. खोलीत जितके लोक तितके समान वाटे हा तिथला रिवाज, पण उठायच्या आधी वाटे लिहून सह्या घ्याच, दोस्ती असली तरी.

आणि पब्लिशिंग, म्हणजे गाण्याच्या हक्कांतला वाटा, फुकापासरी सोडू नका. कंट्री गायिका डॉली पार्टनने स्वतः लिहिलेलं 'आय विल ऑलवेज लव्ह यू' १९७४ मध्ये कंट्रीच्या यादीत नंबर वन झालं, एल्व्हिसला ते गायचं होतं, पण त्याच्या मॅनेजरने अर्धं पब्लिशिंग मागितलं आणि बाई नाही म्हणाली. साक्षात एल्व्हिसला नाही! १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने तेच गाणं गायलं आणि डॉलीच्या घरी पैशांचा पाऊस पडला.

रॉयल्टी गोळा करायला बीएमआय नाहीतर अ‍ॅस्कॅप, या दोन संस्थांपैकी एकीचं मेंबर व्हा, सेसॅक ही तशीच आणखी एक, पण तिच्यात बोलावल्याशिवाय घेत नाहीत. आणि हे पहिलं गाणं बाहेर पडायच्या आधी करा, नंतर नाही.