अर्धशिशी ओळखावी कशी आणि सांभाळावी कशी

डोकं दुखून उलटी झाली की आपल्याकडे घरोघरी एकच निदान होतं: "पित्त झालंय." उलटीनंतर जरा बरं वाटतं, म्हणून त्यावर विश्वासही बसतो आणि वर्षानुवर्षं पित्ताच्या गोळ्या चालू राहतात. यातल्या बऱ्याच जणांना खरं तर मायग्रेन, म्हणजे अर्धशिशी असते. मळमळ हे तिचंच लक्षण. त्यामुळे घशात बोटं घालून उलटी काढू नका. घेतलेली गोळीही त्यात बाहेर पडते.

आधी धोक्याच्या खुणा पाहा

क्षणार्धात शिगेला पोचलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी. सोबत ताप आणि ताठलेली मान. हातापायात कमजोरी, बोलणं अडखळणं, फिट. डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारं दुखणं. अशा वेळी घरी थांबू नका, १०८ ला फोन करा. पन्नाशीनंतर किंवा गरोदरपणात पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखीही लगेच दाखवा.

मग लक्षणं जुळवा

उपचार न घेतल्यास मायग्रेनचा झटका ४ ते ७२ तास टिकतो. बहुधा एका बाजूला ठणकतं, जिना चढलं तरी वाढतं. मळमळतं, किंवा उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे होतात. दोन्ही बाजू दुखल्या म्हणून मायग्रेन नाही, असं समजू नका. काहींना आधी ५ ते ६० मिनिटं डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा दिसतात. याला ऑरा म्हणतात. ऑरा येत असेल तर गर्भनिरोधक गोळ्या सुरू करण्याआधी डॉक्टरांना ते सांगाच, कारण काही गोळ्यांमुळे पक्षाघाताचा धोका वाढतो.

वही ठेवा

सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. तारीख, दुखणं कधी सुरू झालं, किती तास टिकलं, आदल्या दिवशीची झोप आणि जेवण, पाळीची तारीख, घेतलेली गोळी. दोन-तीन महिने एवढंच लिहा.

या आजारात मेंदूला बदल सोसत नाही. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत रात्रपाळी बदलली, पंचवटी एक्सप्रेस गाठायला आठवडाभर पहाटे उठून रविवारी उशिरापर्यंत झोपलं, श्रावणी सोमवारी दिवसभर रिकाम्या पोटी राहिलं, की काहींचं डोकं धरतं. पाळीच्या सुमारास इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) घसरल्यानं अनेकींना ठरलेल्या दिवशी त्रास होतो. मिरवणुकीतला नाशिक ढोल, एप्रिल-मेचं ऊन, उग्र अत्तर हीसुद्धा कारणं असू शकतात. पण नुसत्या ऐकीव माहितीवर दही, केळी, चीज सगळं बंद करू नका. वहीत पुन्हापुन्हा दिसेल तेवढंच टाळा. झटक्याच्या आधी गोड खावंसं वाटणं, जांभया येणं, मान आखडणं ही सुरुवातीची लक्षणं असतात. लोक त्यांनाच कारण समजून बसतात.

उपवास करणाऱ्यांनो, ज्या उपवासाला त्रास होतो तो निर्जळी तरी करू नका. घरच्या मोठ्यांनीही सुनेला यात सवलत द्यावी, असं मला मनापासून वाटतं.

झटका आला तर

डॉक्टरांनी सांगितलेली गोळी दुखणं सुरू होताच घ्या. पोटाचं काम तेव्हा मंदावलेलं असतं, उशीर झाला तर गोळी नीट लागू पडत नाही. मग अंधाऱ्या, शांत खोलीत पडा, थोडं थोडं पाणी प्या. हृदयविकार असलेल्यांनी ट्रिप्टान गटाची (खास मायग्रेनचा झटका थांबवणारी) गोळी दुसऱ्याकडून घेऊन खाऊ नये.

गोळ्यांचे दिवस मोजा

मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्यांची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. तीन महिन्यांहून जास्त काळ, महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस साधी वेदनाशामकं, किंवा १० किंवा अधिक दिवस ट्रिप्टान वा मिश्र गोळ्या घेतल्या, तर त्या गोळ्यांमुळेच डोकं रोज दुखू लागू शकतं. वहीत हे आकडे दिसले तर स्वतः डोस वाढवू नका, डॉक्टरांकडे जा.

डॉक्टरांकडे जाताना

वही सोबत न्या. महिन्यात चारपेक्षा जास्त दिवस डोकेदुखीत जात असतील, तर झटके कमी करणाऱ्या रोजच्या औषधांबद्दल विचारा. प्रोप्रानोलॉल, अमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट ही त्यातली काही. दमा असेल किंवा मूल हवं असेल तर आधीच सांगा, कारण निवड त्यावर ठरते. अशा औषधाचा गुण दिसायला दोन ते तीन महिने लागतात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून ते सोडून देऊ नका.